आशा आहे ना, मग रडता कशाला?

नोव्हेंबर लागला की समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक प्रश्न हमखास येतो. वर्षभरात घरातलं माणूस गेलेलं असतं आणि नाताळ महिन्यावर आलेला असतो. वरवर प्रश्न एवढाच, की यंदा सण करायचा की नाही. थोडं बोलणं झालं की त्याखालचा खरा प्रश्न निघतो: अजून रडू येतं, प्रार्थना करवत नाही, चर्चमध्ये बसवत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का?

पुढची हकिगत नगरमधल्या एका बाईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दुसऱ्या एका घराचा थोडा भाग त्यात मिसळला आहे.

बाई 52 वर्षांच्या. यजमान जुलैत ख्रिस्तवासी झाले, वय 56, हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेता नेता. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनमंडळात ते 30 वर्षं पेटी वाजवत. डिसेंबरात रात्री घरोघर कॅरल म्हणत फिरणाऱ्या टोळीत गळ्यात पेटी अडकवून पुढे तेच. मुलगा 26 वर्षांचा, पुण्यात नोकरीला. मुलगी 14 वर्षांची, नववीत. बाईंना स्वतःहून यायचं नव्हतं, नणंदेने आणलं.

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, “सगळे म्हणतात, वहिनी, आपल्याला आशा आहे ना, मग रडता कशाला? ते वचन मला पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच जास्त लाज वाटते.”

हे वचन थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं तेरावं. ख्रिस्ती घरात मयत झाली की सांत्वनाला येणारा दर दुसरा माणूस ते म्हणतो, आणि बहुतेक वेळा अर्धंच म्हणतो. बाईंच्या पिशवीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. तेच उघडून वचन शेवटपर्यंत, सावकाश, मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘खेद करू नका’ एवढ्यावर ते थांबत नाही. ज्यांना मेलेले पुन्हा उठतील अशी आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. म्हणजे खेद होणार हे त्याने धरलेलंच आहे. वेगळा आहे तो खेदाचा प्रकार. बाईंनी वचन दोनदा वाचलं आणि बराच वेळ गप्प बसल्या.

इथे एक सांगायला हवं. समुपदेशकाने पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होऊ नये. समोरच्याची श्रद्धा ही त्याची मालमत्ता आहे. आपण फार तर तिचं दार उघडायला हात लावायचा. वचनाचा अर्थ आपण सांगितला असता तर तो आणखी एक उपदेश झाला असता, आणि उपदेश त्यांना चार महिने भरपूर मिळाला होता.

त्याच भेटीत एक वाक्य आलं: “प्रभूने मलाही बोलवून घ्यावं असं वाटतं.” श्रद्धाळू माणसाच्या तोंडी हे वाक्य सहज येतं आणि ऐकणारेही ते भक्तीचं समजून सोडून देतात. सोडायचं नसतं. गेलेल्या माणसाला भेटण्याची ओढ वेगळी आणि जीव देण्याचा विचार वेगळा, आणि दोन्ही एकाच शब्दांत बोलले जाऊ शकतात. म्हणून सरळ विचारावं लागतं: स्वतःचा जीव संपवण्याचा विचार येतो का? कसा, कधी, हे मनात ठरलंय का? साधन घरात आहे का? असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाला हायसं वाटतं. बाईंचा बेत काही नव्हता. पण यजमानांच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या उरलेल्या गोळ्या उशाच्या कपाटात तशाच होत्या. त्या त्याच संध्याकाळी मुलाने काढून नेल्या. घरच्या फोनजवळ टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक लिहून ठेवला. सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. आणखी एक गोष्ट निघाली. बाईंनी स्वतःची रक्तदाबाची गोळी ऑगस्टपासून घेतलीच नव्हती. कारण विचारलं तर म्हणाल्या, “कोणासाठी घेऊ?” दुसऱ्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं, ही पहिल्या आठवड्याची एकमेव कामगिरी दिली. श्रद्धेचं काम त्यानंतर.

दुसऱ्या भेटीत कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे, श्रद्धेच्या जगातलं काय आधार देतं. दुसरीकडे, काय टोचतं. हा साधा प्रयोग फार उपयोगी पडतो, कारण ‘धर्म’ असा एक गठ्ठा माणसाला आधारही देत नाही आणि टोचतही नाही. त्यातल्या सुट्या गोष्टी आधार देतात किंवा टोचतात. बाईंच्या आधाराच्या रकान्यात आलं: पहाटे पाचला एकटीने वाचणं, शनिवारी कबरीवर जाणं, आणि पाळकबाई एकदा येऊन काहीही न बोलता वाटाणे सोलत बसल्या होत्या ते. टोचणाऱ्या रकान्यात: गायन सुरू होणं, ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’, भगिनी मंडळात उभं राहून साक्ष द्यायचा आग्रह, आणि व्हॉट्सॲपवर सकाळी सहापासून पडणारी फुलापानांतली वचनं. सगळ्यात खाली बारीक अक्षरात: ‘मी त्या दिवशी लवकर गाडी काढली नाही म्हणून देवाने शिक्षा केली.’

ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. देव आपल्याला शिक्षा करतोय किंवा त्याने आपल्याला टाकून दिलंय, असं ज्यांना वाटतं त्यांचं दुःख श्रद्धेमुळे हलकं न होता अधिक जड होतं. केनेथ परगमेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने धार्मिक आधाराच्या अभ्यासात ही दुसरी बाजू ठळकपणे मांडली आहे. म्हणून ‘श्रद्धा ठेवा, बरं वाटेल’ असं सरसकट सांगू नये. कोणती श्रद्धा, हे आधी बघावं. अपराधाच्या या भावनेवर दोन भेटी गेल्या: त्या रात्रीची मिनिटं क्रमाने मांडली, तेव्हा काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं हे वेगळं केलं. पाळकसाहेबांशीही त्या याच मुद्द्यावर स्वतंत्र बोलल्या, आणि हे त्यांचंच काम होतं.

घरातला पेच वेगळाच होता. मुलाने 24 ते 26 डिसेंबर घराला कुलूप लावून आईला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. तारा नाही, फराळ नाही, चर्च नाही. मुलीला मात्र तारा हवाच होता. ती मैत्रिणींबरोबर संडे स्कूलच्या नाटकाच्या तालमीला जात होती, हसत होती. आईला वाटायचं, हिला बाप गेल्याचं काहीच नाही. मुलाला वाटायचं, दोघींना कळत नाही. एकाच घरात तीन माणसं तीन वेगवेगळ्या वाटांनी रडत होती आणि प्रत्येकाला बाकीचे दोघे चुकलेले वाटत होते.

तिघांना एकत्र बसवून एक गोष्ट समजावली. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीने येतात, असं सगळीकडे सांगितलं जातं. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले, पण मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती शिडी लावू नये. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेली कल्पना रोजच्या अनुभवाला अधिक जुळते: माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्याची आठवण आणि रडणं, दुसऱ्यावर उरलेल्या जगण्याची कामं. ही ये-जा चालू असणं हीच प्रकृती ठीक असल्याची खूण. एकाच काठावर अडकणं ही काळजीची. मुलांमध्ये ये-जा फार झपाट्याने होते, पंधरा मिनिटं रडणं आणि लगेच खेळ. हे ऐकून मुलगी पहिल्यांदा बोलली. पप्पांचा मफलर ती उशीखाली ठेवून झोपत होती. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

मग यादी केली. दरवर्षी डिसेंबरात या घरात काय काय व्हायचं ते सगळं लिहिलं, 23 गोष्टी निघाल्या. प्रत्येकीसमोर तीनपैकी एक शब्द: ठेवू, बदलू, यंदा सोडू. नियम एकच. ज्या गोष्टीवर कोणाचाही जीव अडकलाय ती पूर्ण सोडायची नाही, आणि जी कोणालाही असह्य होते ती आहे तशी ठेवायची नाही. तारा ठेवला, पण नेहमी पप्पा लावायचे त्या गॅलरीच्या हुकाऐवजी मुलीच्या खिडकीत. फराळ बदलला. एरवी पाच किलोच्या करंज्या, चकल्या, लाडू असायचे. यंदा मुलीला आवडतात म्हणून अर्धा किलो मैद्याचे शंकरपाळे, बाकीचं नणंदेकडून येईल तेवढं. 25 तारखेचं मोठं जेवण सोडलं. नवे कपडे सोडले. आई पांढरी साडी नेसेल, त्यावर कोणी टोकायचं नाही. कबरीवर जाणं हे नवं घातलं, 24 ला सकाळी, म्हणजे 25 च्या गर्दीआधी. मुलाचा पुण्याचा बेत 27 तारखेवर गेला.

यादी करण्याची वेळ महत्त्वाची असते. ती आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचे चार रविवार, सुरू होण्याआधी व्हावी, म्हणजे 30 नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारापूर्वी. 20 डिसेंबरला बसून केली तर ठरवायला काही उरलेलं नसतं. नातेवाइकांनी सगळं ठरवून टाकलेलं असतं.

चर्चचा प्रश्न मोठा होता. ऑगस्टपासून बाई उपासनेला गेल्या नव्हत्या. पेटीचा पहिला सूर लागला की छातीत दाटायचं, हातपाय गार पडायचे. अशा वेळी ‘नाताळाला एकदम या, सगळे आहोत आम्ही’ असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला भर पावसाळ्यात नदीत उतरवणं. 25 डिसेंबर ही सगळ्यात गर्दीची, सगळ्यात गाण्यांची, सगळ्यात अवघड उपासना. तिथून सुरुवात करत नाहीत. पायऱ्या अशा ठरल्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून बुधवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये नणंदेबरोबर 15 मिनिटं, दोनदा. मग एका रविवारी पहिलं गीत संपल्यावर आत जायचं, शेवटच्या बाकावर, बाजूच्या दाराच्या टोकाला, जिथून पेटी दिसत नाही. मग पूर्ण उपासना. त्रास शून्य ते दहा असा मोजायचा. आठवर गेला तर लगेच उठायचं नाही. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे दहा श्वास, आणि आकडा दोनने तरी उतरला की मग हवं तर बाहेर जायचं. ऐन भरात पळून गेलं की शरीर शिकतं की ही जागा धोक्याची आहे. मात्र दुःख हा भयगंड नव्हे. न रडणं हे इथे ध्येयच नव्हतं. रडत रडत बसता येणं हे होतं.

रिकाम्या चर्चमध्ये पहिल्यांदा आकडा आठ होता, 15 मिनिटांनी पाच. दुसऱ्या बुधवारी सहावरून तीन. पुढच्या तीन रविवारीही निभावलं. आणि आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी सगळं कोसळलं. गायनमंडळाने नेमकं यजमानांनी चाल बांधलेलं गीत घेतलं, त्यांच्या स्मरणार्थ, आणि ते जाहीरही केलं. बाई बाजूच्या दाराने बाहेर पडल्या. मागोमाग आठ-दहा बायका धावल्या, कोणी पाणी आणलं, कोणी वारा घातला, दोघींनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. लोक खिडकीतून बघत होते. बाई घरी येऊन म्हणाल्या, आता नाताळाला मी जात नाही.

चूक आखणीची होती, त्यांची नव्हती. आम्ही फक्त पाळकांना कल्पना द्यायला सांगितलं होतं. गायनमंडळाला आणि भगिनी मंडळाला कोणीच काही बोललं नव्हतं, आणि प्रेमाने केलेल्या गोष्टींनीच घात केला. दुरुस्ती अशी: मंडळीतल्या एकाच बाईला, पाळकबाईंना, ‘दार सांभाळण्याचं’ काम दिलं. बाई उठल्या तर फक्त त्या मागे जातील, पाच मिनिटांनी, आणि बोलणार नाहीत. बाकीच्यांना त्या थांबवतील. गायनमंडळाच्या प्रमुखांना नणंदेने फोन करून गीतांची यादी आधी मागितली, आणि स्मरणाचं काही करायचं तर घरच्यांना विचारून, असं कळवलं. ते बिचारे ओशाळले. माहीत असतं तर त्यांनी केलंच नसतं.

या दरम्यान घरी लिहिणं चालू होतं. प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत अशी तक्रार असेल तर नवे शब्द शोधायला लावू नयेत. ख्रिस्ती परंपरेत तक्रारीची प्रार्थना तयार आहे. स्तोत्र 13 फक्त सहा वचनांचं आहे आणि त्यातल्या पहिल्या दोनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. त्याचा सांगाडा घ्यायचा: हाक, तक्रार, मागणं, आणि शेवटी विश्वासाचा शब्द. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून, सकाळी. झोपायच्या आधी नाही, कारण उकरलेलं मन झोपू देत नाही. बाई पहिले तीन भाग भरभरून लिहायच्या आणि चौथ्याशी अडायच्या. खोटं लिहू का, असं त्यांनी विचारलं. लिहू नये. स्तोत्र 88 त्यांना वाचायला सांगितलं, जे अंधाराच्या शब्दावरच संपतं आणि तरीही स्तोत्रसंहितेत आहे. चौथी जागा त्यांनी बरेच दिवस कोरी सोडली, फक्त तारीख घालून.

नाताळाच्या गोष्टीकडे त्या स्वतःच वळल्या. लूकचा दुसरा अध्याय त्यांना तोंडपाठ होता, पण गव्हाणी आणि मेंढपाळांपर्यंतच. नाटकं तिथेच संपतात. पुढे वाचताना त्यांना मंदिरातली हन्ना भेटली, लग्नानंतर सातच वर्षांत विधवा झालेली. तिथेच शिमोन नावाचा भक्त बाळ येशूला हातात घेऊन आनंद करतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात तारा आणि मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) यांच्या लगेच पुढे हेरोद राजाने बाळं मारल्याचा आयांचा बेथलेहेमातला आकांत आहे, आणि लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीला सांत्वन नको आहे असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. जुन्या चर्चच्या दिनदर्शिकेतही 25 च्या दुसऱ्याच दिवशी पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासापायी जीव दिलेला, स्तेफन येतो, आणि 28 ला हेरोदाने मारलेली बालकं. सणाच्या मधोमध मरणाची जागा राखून ठेवलेली आहे, ती आपण झिरमिळ्यांनी झाकतो. बाई म्हणाल्या, “म्हणजे पांढरी साडी नेसून गेले तरी मी त्या गोष्टीत बसते.” याहून नेमकं आम्हाला काही सांगता आलं नसतं.

23 च्या रात्री कॅरलवाले आले, एकच्या सुमाराला. आदर म्हणून त्यांनी पेटी आणली नव्हती, फक्त ढोलकी आणि टाळ. ती शांतताच बाईंच्या अंगावर आली. अंथरुणातून उठून त्यांनी दार उघडलं, आतून यजमानांची पेटी आणून ओट्यावर ठेवली आणि मुलाला भाता मारायला बसवलं. त्याला वाजवता येत नाही. त्याने नुसता एक सूर धरून ठेवला आणि मंडळी त्यावर गायली. मुलगी मफलर गळ्यात घालून उभी होती. त्या रात्री कोणी झोपलं नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कबरीवर जाणं दहाऐवजी बाराला झालं. 25 ला बाई उपासनेला गेल्या, दोनदा बाहेर आल्या, दोनदा आत गेल्या. प्रभुभोजन घेतलं. पाळकबाईंनी दार सांभाळलं.

जानेवारीच्या भेटीत त्या रडल्याच. सण संपला की सांत्वनाला येणारे थांबतात, तारा उतरतो, आणि खरं एकटेपण तेव्हा बसतं. ही भेट आधीच ठरवून ठेवावी लागते ती त्यासाठी. अजून सहा महिनेच झाले होते. वर्ष उलटूनही जवळपास रोज तीव्र ओढ लागून राहिली, घर चालवणं अशक्य झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हे त्यांना आणि मुलाला सांगून ठेवलं. गोळी नियमित चालू होती. झोप वाढून पाच तासांवर आली होती. प्रार्थनेच्या वहीतली चौथी जागा जानेवारीत तीन दिवस भरलेली दिसली, बाकी कोरी.

जाताना त्यांनी विचारलं, पेटीचं काय करू? त्या रात्री वाजवताना मधला एक सूर बसलेला निघाला होता. गायनमंडळातल्या एका मुलाला ती हवी आहे, द्यायची की ठेवायची, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. तूर्त दुरुस्तीला टाकली आहे. पेटीवाल्याने दहा दिवस सांगितले आहेत.